मी न पाहिलेला तेजोमेघ

आमच्या नात्यागोत्यात कुठेही पंधरा-वीस माणसं जमली आणि पानं वाढायला उशीर असला, की कुणीतरी म्हणतं, "ती दुर्बिणीची सांग ना." मग मी थोडे आढेवेढे घेते, पदर सावरते आणि सांगायला लागते. ही गोष्ट मी साखरपुड्यांत सांगितली आहे, बारशांत सांगितली आहे, आणि एकदा दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना सांगितली आहे. त्यांचा नंबर पुकारला तरी त्या उठेनात. माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा सगळ्यात मोठा सन्मान.

गोष्ट अशी. मी आठ वर्षांची. बाबा कारखान्यात मशिनवर कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी क्वार्टर्सच्या मागच्या ओट्यावर काच घासायला. दुर्बिणीचा आरसा विकत घ्यायचा नसतो, आपल्या हातांनी घासायचा असतो, असं त्यांचं मत होतं. एका पिंपावर काचेची जाड चकती बसवायची, तिच्यावर दाणेदार पूड आणि पाणी टाकायचं, वर दुसरी चकती ठेवायची आणि ती पुढे-मागे घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. बाबा त्या पिंपाभोवती आठ महिने फिरले. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "नवस बोललाय का काही?" आमच्या घरात नवस कुणी बोलत नसे. आम्ही बौद्ध. आई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायची, आणि बाबा आकाश काळंकुट्ट मिळावं म्हणून अमावास्येची वाट बघायचे. अमावास्येच्या संध्याकाळी स्कूटरवर काळी नळी घेऊन गावाबाहेर जाणारा माणूस, यावर क्वार्टर्समध्ये काय बोललं जायचं ते सांगायला नको. जन्मभर अंधश्रद्धेवर चिडलेल्या बाबांच्या कानावर ते जाऊ नये, एवढी काळजी आई घ्यायची.

तर जानेवारीतल्या एका अमावास्येला आम्ही तिघं खडकवासल्याला गेलो. तेव्हा तिथे खरोखरचा अंधार मिळायचा. स्कूटरवर मी पुढे उभी, आई मागे, आणि आईच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली लांबलचक नळी. ती पाहून समोरून येणारे लोक आपोआप बाजूला होत होते. धरणाच्या काठाला बाबांनी दुर्बीण उभी केली. मृग नक्षत्रात तीन तारे एका ओळीत असतात, तो हरणाला लागलेला बाण. त्या बाणाखाली आणखी एक अंधूक ओळ लोंबते, आणि तिच्या मधोमध असतो तेजोमेघ, म्हणजे वायूचा आणि धुळीचा एवढा प्रचंड ढग की त्याच्या पोटात नवे तारे जन्मतात. बाबांनी तो शोधला, बराच वेळ डोळा लावून राहिले आणि मग मला उचलून धरलं. आणि मला दिसला. गुलाबी, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा. मी म्हणाले, "बाबा, दिसला." बाबांचे डोळे भरून आले.

इथे मी थांबते. इथे ऐकणाऱ्यांपैकी एक तरी बाई नाक ओढते. मग पानं वाढली जातात.

या गोष्टीत एकच अडचण आहे. मला काहीही दिसलं नव्हतं.

नळीच्या भोकातून मला दिसला तो काळोख आणि माझ्याच पापण्या. हात गारठले होते, आईच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा होत्या, आणि बाबा कानाशी विचारत होते, "दिसला?" त्या एका शब्दात त्यांचे आठ महिने होते. मी म्हणाले, "दिसला." बाबांनी मला खाली ठेवलं, स्वतः डोळा लावला, थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी नळी बोटभर सरकवली, पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाले, "बरं. चला आता, थंडी वाढलीय." डोळे वगैरे काही भरून आले नव्हते. ते मी नंतर भरले, साधारण कॉलेजात असताना. गुलाबी रंग त्याच्याही नंतरचा. तो मी एका कॅलेंडरवरून घेतला.

एकदा 'दिसला' म्हटल्यावर पुन्हा बघायची सोय राहत नाही. पुढे बाबा कधी म्हणाले, "येतेस का?" तर माझी परीक्षा असायची, नाहीतर डोकं दुखायचं. दोन-तीन वर्षांत त्यांनी विचारणं सोडलं. आईच शाल पांघरून त्यांच्याबरोबर जायची आणि तिथे बसून शेंगा सोलायची. माझी गोष्ट मात्र वाढत राहिली. बाबा समोर असले तरी मी बिनधास्त सांगायचे. फक्त गुलाबी रंग आला की ते हमखास पाणी प्यायला उठायचे. मला वाटायचं, भावुक होतात.

आईला जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यानंतर बाबा आमच्याकडे कात्रजला राहायला आले, आणि त्यांच्यामागून टेंपोतून दुर्बीण आली. ती माळ्यावर गेली, आकाशकंदिलाच्या शेजारी. माझ्या नवऱ्याची बदली नागपूरला, निवृत्तीपर्यंत तिथेच. मुलगा बंगळूरला. त्याला फोनवर काही सांगायला घेतलं की तो प्रेमाने म्हणतो, "आई, हे ऐकलंय मी." घरात आम्ही दोघं. गोष्टी सांगणाऱ्या बाईला एकच श्रोता उरला, आणि त्यानेही सगळ्या गोष्टी आधीच ऐकलेल्या. काही तर त्याच्यासमोरच घडलेल्या, म्हणजे फारच गैरसोयीच्या.

त्यात त्यांचे डोळे. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याचा गेलाच होता, डाव्याचा चालला होता. इंजेक्शनं सुरू होती. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. म्हणजे पेपर वाचायचा नाही, माणसाचं तोंड ओळखायचं नाही, पण दारातून कुणी आत आलं तर कळणार. बाबांनी यावर स्वतःच एक युक्ती काढली. माझ्याशी बोलताना ते माझ्या उजव्या कानाकडे बघायला लागले. कानाकडे बघितलं की कडेला माझा चेहरा थोडासा मिळतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मला ते कळलं, तरी पहिले काही दिवस ते बोलायला लागले की मी मागे वळून बघायचे. आपल्या शेजारी कुणीतरी उभं आहे आणि बाबा त्याच्याशी बोलताहेत, असं वाटायचं. संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी चहा टाकायचे, टीव्हीवर बातम्या चालू, बाबा त्या ऐकत बसलेले, आणि दोघांपैकी कुणीच कुणाकडे बघत नाही. घर भरलेलं आहे की रिकामं, हे मला बरेचदा ठरवता यायचं नाही.

जानेवारीत एकदा जेवताना ते म्हणाले, "आठ वाजेतो मृग चांगला वर येत असेल आता."

"येत असेल."

"एकदा बघून घेईन म्हणतो. हा डोळा आहे तोवर."

मी भाकरीचा तुकडा मोडला. ते पुढे म्हणाले, "मला लावता यायचा नाही. समोरचंच दिसत नाही तर नेम काय धरणार. तू लाव. तुला माहीत आहे कुठे असतो ते."

"हो, माहीत आहे की," मी म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांत माझ्यात काही सुधारणा झाली आहे, असं यावरून म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीची किल्ली मागायला मी सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. निवृत्त गृहस्थ, बोलणं मोजकं. त्यांनी वही पुढे केली. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, तारे बघणे. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "खालून दिसत नाहीत का?"

"दुर्बिणीतून बघायचेत. गच्चीवरचा दिवा तेवढा बंद ठेवता येईल का?"

"साडेआठला लागतो तो. टायमर आहे. आपल्यासाठी तारे थांबत असतील तर बघा, टायमर थांबत नाही."

म्हणजे ऑफिसातून येऊन चहा झाला की मला रोज पाऊण तास मिळणार होता. माळ्यावरून दुर्बीण काढली, आरशावरची धूळ बाबांनी सांगितली तशी नुसत्या फुंकणीने उडवली, आणि वर गेले. एकटीच. बाबांना म्हणाले, "आधी जरा हात बसवून घेते." ते म्हणाले, "सावकाश बसव."

पहिल्या दिवशी मला पाण्याच्या टाकीचा पाइप सापडला. दुसऱ्या दिवशी एक विमान, तेही अर्धं. तिसऱ्या दिवशी घाटाच्या बाजूला खाली एक तेजस्वी पिवळा गोळा दिसला आणि कुठला तरी ग्रह सापडला म्हणून माझी छाती धडधडायला लागली. नीट नेम धरल्यावर त्याच्या शेजारी अक्षरं दिसली. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. मान वाकडी करून वाचलं तर 'फॅमिली रूम' असं लिहिलं होतं. ढाब्याचा दिवा होता तो.

मृगाचे तीन तारे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते, ते काही अवघड नव्हतं. त्यांच्याखाली मात्र पुण्याचा उजेड आकाशाला फासल्यासारखा पसरलेला. सगळ्या इमारतींत दिवे लागलेले, कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या तरी घरात मुलाला पाढे म्हणायला लावलेले. मी त्या सगळ्यांच्या डोक्यावर एका काळ्या नळीला मिठी मारून उभी. माझ्याकडे कुणी बघितलं असतं तर काय वाटलं असतं कोण जाणे, पण कुणी बघत नव्हतं. गच्चीवर एक गोष्ट लक्षात येते. खाली साठ घरं आहेत आणि आपण या क्षणी त्यातल्या एकाही घरात नाही. आपण नाही म्हणून कुठे काही अडलेलंही नाही.

चौथ्या दिवशी मी हार मानली. म्हणजे माझ्या पद्धतीने मानली. बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही कसा लावायचात हो? प्रत्येकाची पद्धत वेगळी असते ना, म्हणून विचारते."

"असते की," बाबा म्हणाले. "बाणाच्या खाली यायचं. तिथे तीन अंधूक असतात, त्यातला मधला धरायचा. आधी नळीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीतून, मग मोठ्या नळीतून. आणि डोळे वटारून बघायचं नाही. जरा शेजारी बघायचं. थेट बघितलं की तो लपतो."

"हो, तसंच करते मी."

"आणि सारखी नळी सरकवत राहायची. पृथ्वी फिरते. दीड-दोन मिनिटांत तो निघून जातो, आपण रिकाम्या आभाळाकडे बघत बसतो." मग थोडं थांबून, "तुला काय सांगायचं म्हणा. तुला लहानपणीच दिसला होता."

हे ते माझ्या कानाकडे बघून म्हणाले. त्यामुळे चेहऱ्यावर काय होतं ते मला धड कळलं नाही.

सहाव्या संध्याकाळी, सव्वाआठच्या सुमाराला, मला दिसला. आधी चार बारीक तारे, एकमेकांना चिकटून बसलेले. मी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले, डोळ्याला पाणी आलं, आणि कंटाळून नजर जरा बाजूला नेली. तर त्या चौघांभोवती काहीतरी पसरलं. वळून बघितलं तर आकसलं. पुन्हा शेजारी बघितलं, पुन्हा आलं. ताक पिऊन झाल्यावर काचेच्या पेल्याला आतून धूसर पापुद्रा राहतो ना, तसं. एका बाजूला खाच, दोन्हीकडे निमुळते होत गेलेले काठ. राखाडी. अगदीच ओढूनताणून म्हटलं तर किंचित हिरवट. गुलाबी कुठेच नाही.

मी तशीच उभी राहिले. तो हळूहळू सरकत कडेला गेला आणि बाहेर पडला. मी नळी सरकवून त्याला परत आणला. तो पुन्हा गेला. पुन्हा आणला. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. मग गच्चीवरचा दिवा लागला आणि सगळं पुसून गेलं.

आता हे सांगायचं कुणाला? मी नागपूरला फोन लावला.

"दिसला," मी म्हणाले.

"कोण?"

"तेजोमेघ."

"तो तर तुला आठव्या वर्षी दिसला होता ना?" नवरा म्हणाला. त्याने ही गोष्ट लग्नाआधीपासून ऐकलेली.

"हो."

"मग?"

"मग काही नाही. जेवलात का?"

त्याने वांग्याची भाजी खारट होती असं सांगितलं. फोन ठेवल्यावर मी टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे एक खरी गोष्ट होती आणि ती ऐकायला जगात माणूस नव्हता, कारण तिची खोटी प्रत मी सगळ्यांना आधीच वाटून ठेवली होती. आणि तिथे बसल्या बसल्या दुसरी एक गोष्ट उमगली. ज्याने तेजोमेघ दुर्बिणीतून स्वतः पाहिला आहे, त्याला 'गुलाबी' म्हटल्याबरोबर कळणार की सांगणारीने पाहिलेला नाही. तो रंग कॅमेऱ्याला दिसतो, आपल्या डोळ्यांना दिसत नाही. बाबा पाणी प्यायला उठायचे ते काही भावुक होऊन नव्हे.

त्या शनिवारी मी बाबांना वर नेलं. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत, पुढे अठरा पायऱ्या. त्यांनी माझं कोपर धरलं होतं आणि प्रत्येक पायरी मोजत होते. मी आईची शाल घेतली होती, शेंगाही भाजल्या होत्या. स्टूल मांडलं, नेम धरला, चारही तारे मधोमध आणले, बघून खात्री केली आणि म्हणाले, "या बाबा, बसा."

बसायला त्यांना वेळ लागला. स्टूल जरा पुढे, मग मागे. शाल नळीला अडकली. मग चष्मा काढून खिशात ठेवायचा होता, तर खिसा सापडेना. अखेर डावा डोळा भोकाला लागला. मी शेजारी उभी. खाली कुणाच्या तरी घरात मिक्सर फिरत होता. मग तो थांबला.

"दिसला?" मी विचारलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. तो त्यांचाच होता, धरणाकाठचा.

"दिसला," बाबा म्हणाले.

ते मागे सरकले आणि शाल नीट करू लागले. मी वाकून डोळा लावला.

रिकामं होतं. एक तारा नाही, काही नाही. त्यांनी बसायला घेतलेल्या वेळात तो केव्हाच निघून गेला होता, आणि मीच त्यांना रिकाम्या आभाळाकडे बघायला बसवलं होतं. मी तशीच वाकलेली राहिले. दाखवणारा माणूस नेहमी नंतर एकदा स्वतः बघतो, हे आठ वर्षांच्या मुलीला कुठून ठाऊक असणार. त्या अमावास्येला बाबांनी हेच बघितलं होतं. असाच काळा गोल, आणि मागे शेंगा खाणारी पोरगी. त्यांनी तेव्हा काही म्हटलं नाही आणि पुढे चव्वेचाळीस वर्षं म्हटलं नाही. लग्नकार्यात लोक टाळ्या वाजवत होते तेव्हाही नाही.

मी सरळ झाले. म्हणाले, "कोणत्या रंगाचा दिसला?"

बाबांनी माझ्या कानाकडे बघितलं.

"गुलाबी," ते म्हणाले.

मला हसू आलं, त्यांनाही आलं. पण फार नाही. हसून झाल्यावर मी म्हणाले, "बाबा, तेव्हा तुम्ही पुन्हा का नाही दाखवलात मला? नळी सरकवलीत, स्वतः बघितलंत, आणि चला म्हणालात."

"तू दिसला म्हणालीस. मग काय, खोटी पाडायची होती तुला? तुझ्या आईसमोर?" मग म्हणाले, "चुकलंच. वाटलं, पुढच्या अमावास्येला दाखवू. पुढच्या अमावास्येला तुझं डोकं दुखत होतं."

मी नळी बोटभर सरकवली. छोट्या दुर्बिणीतून बघून अंधूक ओळीतला मधला धरला, मोठीतून खात्री केली. तो होता.

"आता बघा," मी म्हणाले. "आणि थेट बघू नका."

"बाईसाहेब, थेट बघण्यासारखं माझ्याकडे शिल्लक काय आहे," ते म्हणाले आणि वाकले.

या वेळी मी विचारलं नाही. छोटी दुर्बीण मोठ्या नळीला अगदी शेजारीच लावलेली असते, त्यामुळे मी तिला डोळा लावला तेव्हा माझं डोकं बाबांच्या डोक्याला टेकलं. त्यांच्या केसांना आवळ्याच्या तेलाचा वास येत होता. माझ्या भिंगात नुसता एक धूसर ठिपका होता. तो मधून ढळला की मी नळी थोडी सरकवायचे आणि त्याला परत आणायचे. बाबांच्या भिंगात काय होतं ते मला माहीत नाही. माझ्या ठिपक्याबद्दल त्यांनाही माहीत नव्हतं. दोघं एकाच गोष्टीकडे बघत होतो, एवढंच.

बाबांची मान हळूहळू हलत होती, माझ्याशी बोलताना हलते तशी, जरा उजवीकडे, जरा खाली, कुणाच्या तरी कानाचा शोध घेत असल्यासारखी. मग एका जागी थांबली. साडेआठला किती मिनिटं आहेत ते मी बघितलं नाही. नळी सरकवत राहिले.